विमानाच्या केबिनसाठी हलकं आणि आगीत टिकणारं पॅनेल कसं विकसित करावं

विमानाच्या केबिनमधल्या बाजूच्या भिंती, छत, डोक्यावरचे सामानाचे कप्पे, गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि पार्टिशन आतून बहुतेक सारखेच असतात. मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षट्कोनी घरांचा हलका गाभा, म्हणजे हनीकोम. त्याच्या दोन्ही बाजूंना रेझिनमध्ये, म्हणजे नंतर घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, भिजवलेल्या कापडाची पातळ स्किन आणि वर सजावटीची फिल्म किंवा रंग. असं पॅनेल नव्याने विकसित करताना बहुतेक गट रेझिन निवडण्यापासून सुरुवात करतात. त्याआधी कागद घेऊन एक हिशेब मांडावा: पॅनेलच्या केबिनकडच्या बाजूला, एका चौरस मीटरमध्ये, जळू शकेल असं किती ग्रॅम वस्तुमान आहे? वजन आणि आग हे दोन वेगळे प्रश्न वाटले, तरी दोन्हींचं मूळ पुष्कळदा एकच निघतं. ते म्हणजे गरजेपेक्षा जास्त रेझिन, जास्त गोंद, जास्त पुट्टी आणि जास्त रंग.

परीक्षा नेमकी कशाची आहे

मोठ्या प्रवासी विमानांसाठी अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचा, एफएएचा, नियम एफएआर २५.८५३ आणि युरोपच्या नियामकाचा, ईएएसएचा, सीएस २५.८५३ लागू होतो. चाचण्यांचा तपशील परिशिष्ट एफमध्ये आहे. पॅनेलसाठी त्यातल्या तीन चाचण्या महत्त्वाच्या.

पहिली उभी बर्नर चाचणी. नमुना उभा टांगून खालच्या कडेला बुन्सेन बर्नरची ३८ मिमी उंचीची ज्योत ६० सेकंद लावतात. ज्योत काढल्यावर नमुना सरासरी १५ सेकंदांत विझायला हवा, जळालेली लांबी सरासरी १५२ मिमीच्या आत राहायला हवी आणि गळून पडलेला थेंब ३ सेकंदांपेक्षा जास्त जळता कामा नये.

दुसरी उष्णता-उत्सर्जनाची, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या नावावरून ‘ओएसयू’ म्हणून ओळखली जाणारी. १५० × १५० मिमीचा नमुना उभा ठेवून त्यावर प्रति चौरस मीटर ३५ किलोवॅट उष्णता सोडतात. पाच मिनिटांत कधीही उत्सर्जनाचं शिखर ६५ किलोवॅट प्रति चौरस मीटरच्या वर जाता कामा नये, आणि पहिल्या दोन मिनिटांची बेरीज ६५ किलोवॅट-मिनिट प्रति चौरस मीटरच्या आत असायला हवी. म्हणूनच या अटीला सगळे ‘६५/६५’ म्हणतात.

तिसरी धुराची: बंद कक्षात नमुना जाळून चार मिनिटांत धुराची विशिष्ट प्रकाशीय घनता २०० च्या आत राहते का, ते पाहतात.

ओएसयू आणि धुराची अट २० किंवा अधिक प्रवासी क्षमतेच्या विमानांत छत, भिंती, पार्टिशन, गॅलीचा सांगाडा, मोठी कपाटं आणि सामानाचे कप्पे यांना लागू होते. दाराने बंद होणाऱ्या स्वच्छतागृहाच्या आतल्या पृष्ठभागाला ती लागत नाही. जमिनीच्या पॅनेललाही ६० सेकंदांची बर्नर चाचणी पुरते. विकास सुरू करण्यापूर्वी पॅनेल नेमकं कुठे बसणार ते ठरवा. ज्या जागी ६५/६५ लागूच नाही, तिथे त्यासाठी ताकदीवर पाणी सोडण्यात अर्थ नाही.

विषारी वायूंची मर्यादा या नियमात नाही, ती विमान बनवणारे घालतात. एअरबसचं एबीडी ००३१ आणि बोईंगचं बीएसएस ७२३९ ही दोन मानकं सर्वांत जास्त विचारली जातात. एबीडी ००३१ मध्ये कार्बन मोनॉक्साइडला १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार) आणि हायड्रोजन सायनाइडला १५० पीपीएम मर्यादा आहे, शिवाय हायड्रोजन फ्लोराइड, हायड्रोजन क्लोराइड, गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांनाही स्वतंत्र मर्यादा आहेत.

बर्नर चाचणी असताना ओएसयू कशाला, हा प्रश्न नव्याने काम करणारे हमखास विचारतात. बर्नर चाचणी एवढंच सांगते की छोटी ज्योत काढली की वस्तू विझते. केबिनमध्ये मात्र बाहेरच्या इंधनाची आग आत शिरते, छताखाली गरम वायू साठतात आणि सगळे पृष्ठभाग एकदम पेटतात. त्याला फ्लॅशओव्हर म्हणतात आणि त्यानंतर आत कुणी वाचत नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सच्या बोईंग ७३७ ला उड्डाणाच्या धावेत आग लागली. त्यात ५५ जण दगावले, त्यांतले बहुतेक जळून नव्हे तर धूर आणि विषारी वायूंनी. १९८६ मध्ये एफएएने उष्णता-उत्सर्जनाचा नियम आणला. आधी १००/१०० ही मर्यादा होती. २० ऑगस्ट १९९० नंतर तयार झालेल्या विमानांसाठी ती ६५/६५ झाली. फ्लॅशओव्हर जेवढा लांबेल तेवढा वेळ प्रवाशांना दारापर्यंत पोचायला मिळतो. पॅनेल न जळणारं असावं अशी अपेक्षा नाही, त्याने सुरुवातीची दोन मिनिटं आगीला फार खाऊ घालू नये एवढीच आहे.

जळाऊ वस्तुमानाचा हिशेब

६५ किलोवॅट-मिनिट म्हणजे ६५ × ६० = ३९०० किलोज्यूल, अर्थात प्रति चौरस मीटर ३.९ मेगाज्यूल. सेंद्रिय पदार्थांतून निघालेल्या वायूंच्या ज्वलनातून प्रत्यक्ष मिळणारी उष्णता किलोला १५ ते २० मेगाज्यूल धरली, तर दोन मिनिटांत २०० ते २६० ग्रॅम वायूरूप इंधन बाहेर पडलं की मर्यादा संपली. अंदाज ढोबळ आहे, पण कुठे हात घालायचा ते तो लगेच दाखवतो.

आता एक नेहमीचं पॅनेल घेऊ. दोन्ही बाजूंना ७७८१ विणीच्या काचेच्या कापडाचा एकेक थर, कापड ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, वजनाने ४० टक्के फेनॉलिक रेझिन. एका स्किनचं वजन ३०० ÷ ०.६ = ५०० ग्रॅम, त्यात रेझिन २०० ग्रॅम. काच जळत नाही. फेनॉलिकचा साधारण निम्मा भाग कोळसा होऊन जागेवरच राहतो, म्हणजे समोरच्या स्किनमधून फार तर १०० ग्रॅम वायू निघेल. इथपर्यंत सगळं आरामात चाललं आहे. मग त्यावर गोंदासह २५० ते ३०० ग्रॅमची सजावटीची फिल्म चिकटवली जाते, तिच्याखाली छिद्रं बुजवण्यासाठी शंभरेक ग्रॅम पुट्टी, आणि हे जवळजवळ सगळंच सेंद्रिय. नुसतं पॅनेल निम्म्या मर्यादेत पास होतं आणि सजवलेलं नापास होतं, त्याचं कारण इथे आहे. विकासाच्या पहिल्या दिवसापासून नमुने पूर्ण थरांसह तपासा. उघड्या पॅनेलचे आकडे फक्त आपल्या समाधानापुरते असतात.

रेझिन

फेनॉलिकने ही जागा इतकी वर्षं धरून ठेवली आहे ती उगाच नाही. तापल्यावर त्याच्या रेणूंतली कार्बनची वलयं एकमेकांना जोडली जाऊन कोळशाचा थर बनतो, धूर कमी होतो, नायट्रोजन फारसा नसल्याने सायनाइडही कमी. किंमत माफक. उणिवा तितक्याच ठळक आहेत. ते ठिसूळ असतं, स्किन सोलून काढायला लागणारं बळ एपॉक्सी या दुसऱ्या रेझिनपेक्षा कमी भरतं, रंग तपकिरी आणि उन्हात गडद होत जाणारा, आणि क्युअर होताना, म्हणजे तापवून घट्ट होताना, त्यातून पाणी व थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं. या पाण्याचा उपद्रव पुढे येईल.

साधं एपॉक्सी इथे चालत नाही, कारण कोळसा कमी, धूर भरपूर. ब्रोमीनयुक्त एपॉक्सी बर्नर चाचणी ऐटीत पास होतं, कारण ब्रोमीन ज्योतीतच रासायनिक साखळी तोडतं. पण अपुऱ्या ज्वलनामुळे धूर आणि आम्लवायू वाढतात, आणि मोठ्या उष्णतेच्या भडिमारापुढे त्याचा जोर टिकत नाही. फॉस्फरसवर आधारित अग्निरोधक कोळसा वाढवून काम करतात. एपॉक्सीला हाच मार्ग बरा. अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट २०० अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊन वजनाच्या जवळपास ३५ टक्के पाणी सोडतं आणि पृष्ठभाग थंड ठेवतं. मात्र परिणाम दिसण्यासाठी ते इतकं भरावं लागतं की रेझिन घट्ट होतं, कण कापडावरच गाळले जाऊन धाग्यांत शिरत नाहीत आणि वाचवलेलं वजन परत येतं. पातळ स्किनच्या प्रीप्रेगमध्ये (आधीच रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडात) हा उपाय शेवटचा समजावा. कडा भरायच्या घट्ट मिश्रणात, म्हणजे पोटिंगमध्ये, मात्र तो शोभतो.

बेंझॉक्सॅझिन या रेझिनकडे गंभीरपणे पाहण्यासारखं आहे. त्याची वलयं उघडून जोडणी होते, त्यामुळे क्युअर होताना पाणी सुटत नाही, आकुंचन कमी होतं आणि आगीतलं वागणं फेनॉलिकच्या जवळ जातं. अडचण क्युअरच्या तापमानाची: पुष्कळ प्रकारांना १७० अंशांच्या वर जावं लागतं, उत्प्रेरक घातल्याशिवाय जुन्या प्रेस आणि साच्यांवर ते बसत नाही. थर्मोप्लास्टिकपैकी (तापवलं की पुन्हा वितळणाऱ्या प्लास्टिकपैकी) पीईआय, पीपीएसयू आणि पीईकेके यांचे योग्य ग्रेड ६५/६५ मध्ये बसतात. त्यांना फ्रीझर लागत नाही, भाग वितळवून जोडता येतात, उरलेले तुकडे पुन्हा वापरता येतात. पण पीईआयवर प्रक्रिया करायला ३०० अंशांच्या वरची यंत्रणा हवी. आकाराने लहान, संख्येने खूप अशा भागांना ते परवडतं. मोठ्या भिंतीसाठी फेनॉलिकच व्यवहारी.

कापड आणि गाभा

वजन खरं कमी होतं ते इथे. वरच्या पॅनेलमध्ये १० मिमी जाडीचा, ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचा अ‍ॅरामिड (उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या) कागदाचा गाभा घातला की ४८० ग्रॅमची भर पडते. एकूण १४८० ग्रॅम प्रति चौरस मीटर. काचेऐवजी २०० ग्रॅमचं कार्बन कापड ४२ टक्के रेझिनसह घेतलं तर एक स्किन ३४५ ग्रॅमची होते आणि एकूण ११७० वर येतं, शिवाय स्किनचा मापांक, म्हणजे ताठपणा, अडीच-तीनपट. तिसरा पर्याय १०५ ग्रॅमच्या १२० विणीच्या काचेच्या कापडाचे प्रत्येक स्किनला दोन थर, ४५ टक्के रेझिन आणि २९ घनतेचा गाभा. हे १०५४ ग्रॅमवर येतं, पण गुडघा किंवा बॅग लागली की खळगा पडतो. छताला चालेल. पायांच्या उंचीच्या भिंतीला चालणार नाही.

कार्बनचा एक त्रास आधीच लक्षात घ्या: ओलाव्यात तो अ‍ॅल्युमिनियमला गंजवतो. अ‍ॅल्युमिनियमचं इन्सर्ट (स्क्रू धरण्यासाठी पॅनेलमध्ये बसवलेला तुकडा) किंवा पट्टी जिथे कार्बनला टेकते तिथे काचेच्या कापडाचा एक पातळ थर मध्ये हवाच, नाहीतर इन्सर्ट टायटेनियमचं किंवा प्लास्टिकच्या बाहीतलं घ्या.

जवस, ताग अशा नैसर्गिक धाग्यांची घनता दीडच्या आसपास असते, काचेची अडीचच्या. त्यामुळे आकडे मोहात पाडतात. पण हे धागे स्वतः इंधन आहेत आणि ओलावा शोषतात. त्यांना अग्निरोधकाने भिजवून ६५/६५ पर्यंत आणेपर्यंत फायद्याचा बराच भाग खर्ची पडतो. त्यांचा विचार वजनासाठी नव्हे, पर्यावरणासाठी होत असेल तर ते उघडपणे मांडावं.

गाभ्याच्या घरांचा आकार ३.२ मिमी ठेवला तर पृष्ठभाग चांगला येतो. मोठ्या घरांवर पातळ स्किन आत दबून षट्कोन उमटतात. हनीकोमला दिशा असते. रिबनच्या, म्हणजे कागदाच्या पट्ट्या धावतात त्या दिशेने कातरबळ जास्त सोसतं, आडव्या दिशेने बरंच कमी. रिबन नेहमी पॅनेलच्या लांब अंतराच्या, म्हणजे वाकण्याच्या दिशेने ठेवा आणि ते ड्रॉइंगवर बाणाने दाखवा. बाण नसेल तर कापणारा माणूस कमी तुकडे वाया जातील तशी दिशा घेणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

ओएसयूच्या आधीची चाळणी

प्रत्येक कल्पनेसाठी पूर्ण चाचणी करत बसू नका. सूक्ष्म ज्वलन कॅलरीमीटर ही एफएएच्या संशोधकांनी विकसित केलेली पद्धत आता एएसटीएम डी७३०९ म्हणून प्रमाणित आहे. त्यात काही मिलिग्रॅम रेझिन पुरतं. नवीन मिश्रणांची क्रमवारी लावायला ती उत्तम. फक्त थर, गोंद, जाडी यांचा परिणाम तिला दिसत नाही. त्यासाठी कोन (शंकूच्या आकाराच्या हीटरचा) कॅलरीमीटर, १०० × १०० मिमीचा नमुना, ३५ किलोवॅट प्रति चौरस मीटर. त्याचे आकडे ओएसयूशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण कोन खर्ची पडलेल्या ऑक्सिजनवरून उष्णता मोजतो आणि ओएसयू बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानावरून. तुमच्याच दोन रचनांत कोणती सरस, एवढं मात्र विश्वासाने कळतं. ओएसयूमध्येही एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलं की आकडे चांगलेच हलतात. म्हणून विकासाचं लक्ष्य ६५ नसावं. शिखर आणि बेरीज दोन्ही ५० च्या आत आणा, तरच पुढे झोप लागेल.

चाचणी-पॅनेल बनवणं

१. प्रीप्रेगचा रोल उणे १८ अंशांवरून काढल्यावर सीलबंद पिशवीतच ठेवा. पिशवीवर बाहेरून दव दिसायचं थांबेपर्यंत ती उघडायची नाही. मोठ्या रोलला रात्रभर लागतो. घाईत उघडलं की दव रेझिनमध्ये जातं आणि क्युअरमध्ये त्याचे फुगे होतात. फ्रीझरबाहेर घालवलेला प्रत्येक तास रोलच्या कार्डावर लिहा.

२. एक १०० × १०० मिमीचा तुकडा वजन करून १६० अंशांच्या भट्टीत १५ मिनिटं ठेवा आणि पुन्हा वजन करा. घटलेलं वजन म्हणजे बाष्पशील भाग. पुरवठादाराच्या मर्यादेपेक्षा तो जास्त असेल तर बुडबुडे ठरलेलेच. खूप कमी निघाला तर रेझिन म्हातारं झालं आहे, वाहणार नाही आणि गाभ्याला धरणार नाही.

३. गाभा १२० अंशांवर दीड-दोन तास सुकवा. अ‍ॅरामिड कागद हवेतला ओलावा पटकन ओढतो, त्यामुळे सुकवून झाल्यावर लगेच वापरा किंवा शोषक पुड्यांसह सील करा. उघड्या हाताने धरू नका. तेलकट ठशांवर चिकटाव धरत नाही.

४. थर लावताना दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सममित असू द्या. ७७८१ सारख्या सॅटिन विणीच्या कापडाच्या एका अंगावर उभे धागे जास्त दिसतात, दुसऱ्यावर आडवे. दोन्ही स्किनचं तेच अंग बाहेर आलं नाही तर थंड होताना पॅनेल पिळवटतं, आणि लोक दोष प्रेसला देतात.

५. गाभ्याला टेकणाऱ्या थरात रेझिन ४० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. क्युअरमध्ये रेझिन घरांच्या भिंतींवर चढून छोटी वक्र कड बनवतं, स्किन तिच्यावरच टिकते. वजन वाचवण्याच्या नादात ३२-३३ टक्क्यांचं प्रीप्रेग घेतलं की ही कडच बनत नाही. उलट स्वतःच चिकटणारं प्रीप्रेग नीट वापरलं तर वेगळी गोंदाची फिल्म लागत नाही. दीडशे ग्रॅमच्या दोन फिल्म वाचल्या तर चौरस मीटरमागे ३०० ग्रॅम कमी, आणि तेवढं इंधनही.

६. क्युअर. मिनिटाला २ अंश या वेगाने ८० ते ९० अंशांपर्यंत जा, तिथे अर्धा तास थांबा, मग १२५ ते १३५ अंशांवर ६० ते ९० मिनिटं. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) साच्यावर नव्हे, पॅनेलच्या कडेशी स्किन आणि गाभ्याच्या मध्ये घाला. वेळ त्याच्यावर मोजा.

या सहाव्या पायरीत फेनॉलिकचं पाणी आडवं येतं. १३० अंशांवर वाफेचा दाब साधारण २.७ बार असतो. पॅनेलवर घालून आतली हवा काढलेल्या व्हॅक्यूम बॅगचा दाब जास्तीत जास्त १ बार. म्हणजे बॅगखाली वाफ दाबून ठेवता येतच नाही, तिला बाहेर वाट द्यावी लागते: छिद्रांची, न चिकटणारी रिलीज फिल्म, तिच्यावर वाफ जाऊ देणारं ब्रीदर कापड, आणि ८०-९० अंशांवरचा तो थांबा, ज्यात बरंचसं पाणी रेझिन पातळ असतानाच निघून जातं. थांबा काढून टाकून चक्र छोटं केलं की स्किनमध्ये पोकळ्या, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. ती छिद्रं बुजवायला पुट्टी, पुट्टी घासायला मजूर, परत पुट्टी. क्युअरमध्ये वाचवलेली वीस मिनिटं अशी वजनात आणि ओएसयूच्या आकड्यात वसूल होतात.

प्रेस वापरत असाल तर २ ते ३.५ बार दाब ४८ घनतेच्या गाभ्याला सोसतो. तापमान १०० च्या पुढे जाताना प्रेस दोन-तीन वेळा काही सेकंद उघडून वाफ सोडा. २९ घनतेच्या गाभ्याला दाब कमी ठेवा, गरम असताना त्याची ताकद थंड असतानापेक्षा कमी असते. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) गाभ्याच्या उतरत्या कडा आडव्या दाबाने आत सरकतात. उतार ३० अंशांपेक्षा उभा ठेवू नका आणि थर साच्याच्या कडेला पट्टीने पकडून ठेवा. दाब सोडायचा तो पॅनेल ६० अंशांच्या खाली आल्यावर.

क्युअर झालेल्या पॅनेलवर नाण्याने टकटक करत फिरा. आवाज बसका आला तिथे चिकटलेलं नाही.

एक जाता जाता: फेनॉलिकच्या ओव्हनला बाहेर सोडणारा पंखा हवाच, आणि कापताना उडणारी कार्बनची धूळ वीजवाहक असते. ती कंट्रोल पॅनेलमध्ये शिरली की शॉर्टसर्किट होतो. शोषक यंत्र करवतीच्या पात्यालाच जोडलेलं असावं, खोलीच्या कोपऱ्यात नव्हे.

कडा, इन्सर्ट आणि सजावट

मधल्या चौरस मीटरवर महिनोन्महिने घालवून वाचवलेलं वजन कडांवर परत येतं. १० मिमी जाडीच्या पॅनेलची कड ८ मिमी खोल कोरून ०.७ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर घनतेचं फिलर भरलं, तर मीटरला ८० घनसेंटीमीटर, म्हणजे ५६ ग्रॅम. १ × २ मीटरच्या पॅनेलचा घेर ६ मीटर. ३३६ ग्रॅम झाले. पॅनेल स्वतः २९६० ग्रॅमचं, म्हणजे कडांनीच अकरा टक्क्यांवर भर टाकली. खोली ८ वरून ५ मिमी केली तर १२६ ग्रॅम सुटतात, एकही नवा पदार्थ न शोधता. जिथे कोपरा करायचा तिथे आतली स्किन आणि गाभा कापून, बाहेरची स्किन अखंड ठेवून पॅनेल दुमडा आणि खाचेत गोंद भरा. दोन पॅनेल अँगलने जोडण्यापेक्षा हे हलकं आणि दिसायला स्वच्छ.

पोटिंगचं इन्सर्ट बसवताना एका छिद्रातून मिश्रण भरा आणि दुसऱ्यातून ते बाहेर येईपर्यंत थांबू नका. बाहेर आलं नाही तर आत हवा अडकली आहे आणि इन्सर्ट अर्ध्या भारालाच उखडेल. मिश्रणाचं प्रमाण डोळ्यांनी नको, वजनकाट्यावर.

सजावटीच्या फिल्ममध्ये बरेचदा पॉलिव्हिनाइल फ्लोराइड असतं. ती पुसायला सोपी आणि टिकाऊ, पण जळताना हायड्रोजन फ्लोराइड देते. विषारी वायूंच्या चाचणीत पहिला संशय तिच्यावर घ्या. ओएसयूचं शिखर पहिल्या मिनिटातच आलं तर ते फिल्म किंवा रंगाचं असतं. उशिरा, दीड-दोन मिनिटांनी दुसरं शिखर उमटलं तर उष्णता स्किनमधून गाभ्यापर्यंत पोचली किंवा स्किन सुटून फुगली. आलेखाचा आकार वाचल्याशिवाय फॉर्म्युला बदलायला घेऊ नका. पहिलं शिखर उंच असेल तर रेझिन बदलून काही होणार नाही. गोंदाचं वजन कमी करा किंवा फिल्म पातळ घ्या.

नमुने आणि ताकद

बर्नर, ओएसयू आणि धूर, प्रत्येकी किमान तीन नमुने. चाचणीआधी ते २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत निदान २४ तास ठेवायचे. विमानात जी सर्वांत कमी जाडी वापरणार, त्याच जाडीचे नमुने कापा. पातळ नमुना बहुधा जास्त वाईट जळतो, आणि जाड नमुन्यावर मिळवलेली मान्यता पातळ भागाला लागू होत नाही. ओएसयूसाठी समोरचं अंग सोडून बाकी सगळ्या बाजू अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतात. ही गुंडाळणी सैल राहिली तर कडेने निघालेले वायू पेटतात आणि आकडा विनाकारण चढतो. नमुन्यांवर विणीची दिशा लिहून ठेवा, उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांचे जाळून पाहा.

ताकदीसाठी तीन चाचण्या पुरेशा बोलक्या आहेत: वाकवण्याची एएसटीएम सी३९३, स्किन सरळ ओढून काढण्याची सी२९७ आणि ड्रमवर गुंडाळत सोलण्याची डी१७८१. सोलण्याच्या आकड्यापेक्षा तुटलेला पृष्ठभाग जास्त सांगतो. कागद फाटून गाभ्याच्या भिंती स्किनला चिकटून आल्या तर जोड चांगला आहे. घरांच्या कडांचे चकचकीत षट्कोन दिसले तर रेझिन वाहिलंच नाही, ते जुनं होतं किंवा तापमान फार हळू चढलं. हेच नमुने ७० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवून पुन्हा सोला. कोरड्यात पास आणि दमटात नापास ही फेनॉलिकची नेहमीची चाल आहे.

मान्यता मिळते ती एका ठरावीक रचनेला: हे कापड, हे रेझिन, हा गोंद, ही फिल्म, हा रंग, इतके ग्रॅम. पुढे खरेदी विभागाने गोंद बदलला, किंवा रंगकामाच्या विभागात एकाऐवजी दोन हात मारले, तर ती रचना राहत नाही. म्हणून ड्रॉइंगवर प्रत्येक थराचं कमाल वजन लिहा, फक्त नाव नको. ओल्या रंगाची जाडी मोजणारा कंगवा फवारणीच्या जागी ठेवा, आणि प्रत्येक लॉटमधला एक ३०० × ३०० मिमीचा तुकडा पूर्ण सजावटीसह बाजूला काढून त्यावर लॉट क्रमांक टाका. पुढच्या वेळी आकडे ५० वरून ६० कडे सरकले, तर तुलना करायला तोच लागेल.